दुरंगी तगर : पावसाळी लागवड आणि हिरव्या फुटव्यावर नजर

पहिल्या चार-दोन सरी पडून जमीन निवली की बागेतली सगळी झुडपं फुटायला लागतात. पांढऱ्या किनारीच्या पानांची ठेंगणी तगरही फुटते, पण तिचे फुटवे नुसते बघून समाधान मानायचं नसतं, एकेक तपासायचा असतो. त्यातला एखादा सरळसोट वर जातो. पानं मोठी, गडद हिरवी, तुकतुकीत. बघणाऱ्याला वाटतं, झाड छान लागलं. तो फुटवा दिसेल त्याच दिवशी जिथून निघाला तिथून काढायचा. रोपवाटिकावाले ज्याला ‘व्हेरिगेटेड’ (दुरंगी पानांचं) म्हणतात त्या कुठल्याही झुडपाची निगा या एका कामाभोवती फिरते, म्हणून आधी त्यामागचं कारण सांगतो.

पानाचा पांढरा भाग म्हणजे हरितद्रव्य नसलेला भाग. तो उन्हातून अन्न तयार करू शकत नाही, त्याचं पोट शेजारचा हिरवा भाग भरतो. साध्या हिरव्या तगरीचं अख्खं पान राबतं, दुरंगी तगरीचं अर्धंमुर्धं. म्हणूनच हे झुडूप हळू वाढतं आणि आटोपशीर राहतं. त्याचा ठेंगणेपणा आपल्याला आवडतो, पण तो त्याच्या कमी कमाईतूनही आलेला असतो, हे खत-पाणी देताना विसरू नये.

आता हिरवा फुटवा. अशा पांढऱ्या किनारीच्या बहुतेक झुडपांत वाढीच्या टोकाशी पेशींचे थर एकावर एक असतात आणि त्यातल्या एका थराने हरितद्रव्य बनवण्याची क्षमता गमावलेली असते. एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशी नांदतात. अशा झाडाला वनस्पतिशास्त्रात ‘कायमेरा’ म्हणतात. हा शब्द हान्स विंकलर या जर्मन शास्त्रज्ञाने 1907 मध्ये वापरला, आणि पुढे दोनच वर्षांनी एर्विन बाउर याने पांढऱ्या किनारीच्या जिरेनियमवर काम करून थरांचा हा उलगडा मांडला. आपल्या कामापुरतं एवढं ध्यानात ठेवावं की हे थर कायमचे पक्के नसतात. एखाद्या डोळ्यात, म्हणजे फांदी जिथून फुटते त्या अंकुरात, पांढरा थर मागे पडतो, हिरव्या पेशी त्याची जागा घेतात, आणि त्या डोळ्यातून निघणारी फांदी पूर्ण हिरवी येते. तिची पानं पूर्ण राबतात, म्हणून ती शेजारच्या दुरंगी फांद्यांपेक्षा झपाट्याने वाढते, त्यांच्यावर सावली धरते, मुळांनी आणलेलं पाणी-अन्न जास्त ओढते. पावसाळ्यात ओल आणि ऊब दोन्ही असल्याने हा फरक आठवड्यागणिक वाढत जातो. मी स्वतः एका कुंडीतल्या तगरीवर असा फुटवा एक पावसाळाभर राहू दिला होता, कारण झाडावर तेवढीच एक फांदी जोमदार दिसत होती. हिवाळा लागेपर्यंत त्या कुंडीत हिरवी तगर उभी होती आणि तिच्या पायाशी दुरंगी फांद्यांचे दोन किरटे काटूक उरले होते. ते झाड परत वळणावर आणायला मला दोन वर्षं लागली.

काढायची पद्धत नीट समजून घ्या, कारण इथेच चुकतं. हिरवी फांदी मधेच छाटली तर खाली उरलेल्या प्रत्येक डोळ्यातून पुन्हा हिरवेच फुटवे येतात, एकाचे तीन होतात. फांदी हातात धरून खाली खाली या. शेवटचं नीट किनारीचं पान कुठे आहे ते शोधा आणि त्या पानाच्या लगेच वर काप घ्या. त्या पानाच्या बगलेतला डोळा बहुतेक वेळा पानासारखाच दुरंगी निघतो. फांदी थेट खोडातून किंवा जमिनीलगत फुटली असेल तर खुंट न ठेवता खोडाला लागून काढा. फुटवा बोटभरच असेल तर कात्रीही नको, अंगठ्याने बाजूला दाबला की बुडासकट निघतो, आणि हीच सगळ्यात चांगली वेळ. पाऊस चालू असेपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी झाडाभोवती एक फेरी मारा.

तगरीला पांढरा चीक येतो. तो डोळ्यात जाऊ देऊ नका, काहींच्या कातडीला त्याने खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत. झाडाचे सगळे भाग पोटात गेले तर विषारी आहेत. लहान मुलं आणि जनावरं पोचतील अशा जागी छाटलेल्या फांद्या टाकू नयेत. कात्रीवर वाळलेला चीक गोडेतेलाच्या बोळ्याने पुसला की निघतो. त्यानंतर स्पिरिटने पातं पुसून मगच दुसऱ्या झाडाला हात लावावा.

कधी कधी उलटंही होतं, एखादा फुटवा निव्वळ पांढरा येतो. दिसायला फार सुंदर. पण तो स्वतःसाठी काहीच कमवत नाही, जुन्या फांद्यांच्या जिवावर जगतो आणि पहिल्या कडक उन्हात करपतो. झाड भरलेलं असेल तर असा एखादा फुटवा राहू द्यायला हरकत नाही. झाड लहान असेल तर काढून टाका.

कलमी झाडांत आणखी एक भानगड असते. जास्वंदीसारखं झुडूप कलम करून आलेलं असेल तर कलमाच्या गाठीखालून खुंटाची, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलं त्याची, फांदी फुटू शकते. तीही हिरवीच असते, पण तिचं पान आकारानेही वेगळं दिसतं. रंग पलटलेल्या फांदीचं पान आकाराने त्याच झाडाचं असतं, फक्त किनार गेलेली असते. काढायच्या दोन्ही, पण खुंटाची फांदी नेहमी जमिनीकडे माती उकरून, निघण्याच्या जागेपासून काढावी.

जागा निवडताना

सावलीत लावा, म्हणजे पानं जळणार नाहीत, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. गडद सावलीत तगर जगते, पण फांद्या लांबट होतात, पेरं लांब पडतात, फुलं घटतात आणि किनारीचा उठाव जातो. दुसरीकडे, दुपारच्या उघड्या उन्हात पांढरा भाग तपकिरी पडून कागदासारखा वाळतो, कारण हरितद्रव्याबरोबर येणारं संरक्षण त्याला नसतं. सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर विरळ सावली, अशी जागा सगळ्यात उत्तम. भिंतीच्या पूर्वेला किंवा उंच झाडाच्या पूर्वेकडच्या कडेला ती मिळते. पश्चिमेची भिंत टाळा. तिथे उन्हाबरोबर भिंतीची धगही लागते.

पावसाळ्यात एक फसगत होते. ढगाळ हवेत आपण जी जागा ‘उजेडाची, पण सौम्य’ म्हणून ठरवतो, ती पाऊस संपल्यावर भाजून काढणारी निघते. लागवडीआधी निरभ्र दिवशी दुपारी दोन वाजता त्या जागी सावली असते का ते आठवून पाहा. आठवत नसेल तर पहिलं वर्ष झाड कुंडीतच ठेवा आणि जागा बदलत बदलत पारखा. हे झुडूप बारा इंची कुंडीत दोन-तीन वर्षं आनंदाने राहतं, त्यामुळे घाई नसावी.

लागवड

जमिनीत लावायचं तर दीड फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल खड्डा पुरतो. खड्ड्याची माती, चार-पाच किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड एकत्र करून भरा. कच्चं शेणखत घालू नका, त्यात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि कुजताना मुळांना चटका बसतो. भारी काळ्या जमिनीत निचऱ्याचा प्रश्न मोठा असतो. तिथे खोल खड्डा म्हणजे पाण्याचं टाकंच. अशा ठिकाणी वीतभर उंच गादी करून त्यावर झाड लावावं. एकट्या झाडाला चहूबाजूंनी साधारण तीन फूट जागा सोडा, ठेंगणं कुंपण करायचं असेल तर दोन झाडांत दोन ते अडीच फूट अंतर ठेवा.

कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू. नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावलेली झाडं पावसात चिंब राहतात, ते टाळा. पिशवीतून रोप काढल्यावर मुळं गोल गोल फिरलेली दिसली तर बोटांनी मोकळी करा. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच नव्या जागी माती यावी. खोड त्याहून खोल गाडलं तर पावसाळ्यात बुंधा कुजतो.

जोराचा पाऊस चालू असताना लावू नका. दोन दिवस उघडीप मिळून जमीन वाफशावर (ओलसर, पण चिखल नाही अशी) आली की लावा, लगेच हलकं पाणी द्या, आणि पहिले पंधरा दिवस दुपारच्या उन्हाची आडोशाने सोय करा.

रोप विकत घेताना पानांची गर्दी पाहू नका, किनार पाहा. फांदीच्या बुडापासून शेंड्यापर्यंत सगळ्या पानांना सारखी किनार असलेलं रोप टिकाऊ. ज्याची पानं मधोमध चिरल्यासारखी अर्धी हिरवी, अर्धी पांढरी आहेत, किंवा एकाच फांदीवर दोन-तीन तऱ्हेची पानं आहेत, ते रोप पुढे कुठेही वळू शकतं. हौसेने घ्यायला हरकत नाही, पण त्यावर रोपवाटिकेचं मातृझाड म्हणून भिस्त ठेवू नये.

पानाचा रंग ओळखणं

साध्या झाडाला काही कमी पडलं की पान पिवळं पडून सांगतं. दुरंगी झाडात ते सांगणं पांढऱ्या-पिवळ्या रंगात हरवून जातं, आणि बरेच जण रोगालाच शोभा समजून बसतात. त्यामुळे नेहमी पानाचा हिरवा भाग पाहायचा, पांढऱ्याकडे लक्ष द्यायचं नाही.

नव्या पानांत हिरव्या भागाच्या शिरा हिरव्या, पण शिरांमधली जागा पिवळी दिसत असेल, तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत हे हमखास होतं. तिथे लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. नुसतं लोह ओतून भागत नाही, शेणखत वाढवा, पाणी साचू देऊ नका, आणि चिलेटेड (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं) लोह द्यायचं तर वेष्टनावर सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्यापासून सुरुवात करा. खालच्या जुन्या पानांचा हिरवा भाग एकसारखा फिका पडत असेल तर नत्राची कमतरता. आणि माती ओली असताना झाड मलूल पडून खालची पानं पिवळी होऊन गळत असतील, तर ती भूक नसते, मुळं गुदमरलेली असतात. अशा वेळी खत देणं म्हणजे आजाऱ्याला जेवणाचा आग्रह करणं. पाणी थांबवा, कुंडीचं भोक मोकळं करा, जमिनीत चर काढून पाणी बाहेर काढा.

किनारी तपकिरी होण्याची दोन कारणं असतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा. उन्हाचा चटका असेल तर उन्हाकडच्या, वरच्या पानांवरच डाग दिसतात, मागच्या बाजूची पानं ठीक असतात. क्षारांचा त्रास असेल तर चारी बाजूंच्या जुन्या पानांच्या कडा सारख्या करपतात आणि मातीवर पांढरट पापुद्रा येतो. पावसाळा हा कुंडीतले क्षार धुऊन काढायचा चांगला काळ आहे. दोन-तीन दमदार पावसांत कुंडी उघड्यावर ठेवा, खालची ताटली मात्र काढून.

विषाणूचा केवडा, म्हणजे पानं पिवळी पाडणारा रोग, वेगळा. भेंडीवर शिरा पिवळ्या पडतात तसा जाळीदार, वेडावाकडा पिवळेपणा एखाद्या झुडपावर अचानक आला, पानं आकसली, शेंडा वाकडा झाला, तर ती शोभा नाही. काही झुडपांत विषाणूमुळे आलेली नक्षी मुद्दाम जोपासली जाते, उदाहरणार्थ अबुटिलॉन या झुडपाच्या काही जातींतली सोनेरी ठिपक्यांची. ती नक्षी पांढऱ्या माशीतून आणि कलमातून दुसऱ्या झाडात जाते. तगरीची किनार तशी पसरत नाही, ती झाडाच्या स्वतःच्या पेशींतली आहे.

खत, पाणी, छाटणी

खत कमी द्या. हे जरा जोर देऊन सांगतो, कारण हळू वाढणारं झाड पाहिलं की हात युरियाकडे जातो. जास्त नत्राने फांद्या लांब, लुसलुशीत होतात, ठेंगणं रूप जातं, मावा आणि पिठ्या ढेकूण धावून येतात, आणि असलेल्या हिरव्या फुटव्याला आयतं बळ मिळतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि पाऊस संपल्यावर, अशी दोनदा दोन-दोन ओंजळी गांडूळखत पुरे. कुंडीत त्याच्या निम्मं.

पावसाची उघडीप आठवड्याहून लांबली तर पाणी द्यावं, एरवी नको. पाऊस सरल्यावर बुंध्याभोवती दोन-तीन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन करा, पण खोडापासून चार बोटं दूर. हिवाळ्यात पाणी कमी करा, माती वरून सुकल्याशिवाय देऊ नका. जिथे दंव गोठण्याइतकी थंडी पडते तिथे कुंड्या रात्री आडोशाला घ्याव्यात, कारण कोवळी पानं आधी काळी पडतात. उन्हाळ्यात सकाळी भरपूर पाणी, आणि दुपारी पानांवर पाणी शिंपडणं टाळलेलं बरं.

तगरीची फुलं नव्या फुटीवर, फांदी जिथे दुभंगते तिथे येतात. त्यामुळे हलकी छाटणी फुलांना मारक नसते, उलट फाटे वाढतात. रोप वीत-दीड वीत झालं की शेंडे खुडा, पुढची फूट आली की पुन्हा एकदा खुडा, म्हणजे झुडूप बुडापासून भरतं. मोठी छाटणी थंडी ओसरल्यावर, नवी पालवी यायच्या आधी करा आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त काढू नका. हिरवी तगर बुडापर्यंत छाटली तरी उसळून येते. दुरंगीजवळ तेवढी साठवण नसते, ती बसून राहते.

दुरंगी पानांच्या जास्वंदीला हेच सगळं लागू आहे, फक्त तिला पाण्यातली ओढाताण सोसत नाही, लगेच कळ्या टाकते. दुरंगी बोगनवेलीला मात्र दिवसभर ऊन लागतं आणि पाणी फार दिलं तर फुलायचं सोडून नुसती पानं काढत बसते.

कीड

पावसाळ्यात एका रात्रीत फांदीची पानं गायब होऊन नुसते देठ उरले आणि खाली जाडसर काळी विष्ठा दिसली, तर बोटभर लांब हिरवी अळी शोधा. डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके असतात. कण्हेरीवरही हीच येते. पानांच्या रंगात ती इतकी मिसळते की विष्ठेच्या बरोबर वर पाहत गेलं तरच सापडते. दोन-चार झाडांसाठी फवारणीची गरज नाही, हाताने काढून टाका. दुरंगी झाडाची पानं वाया जाणं महागात पडतं, त्यामुळे शोध त्याच दिवशी घ्या.

पिठ्या ढेकूण फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखा बसतो, आणि पांढऱ्या किनारीत तो उशिरा नजरेला येतो. झाडावर मुंग्यांची रांग दिसली की समजावं, वर मावा किंवा पिठ्या आहे. आधी पाण्याच्या जोरदार झोताने धुवा. मग एक लिटर पाण्यात तीन मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारा. साध्या झाडांना पाच मिली सांगतात, पण पांढरा भाग नाजूक असतो, म्हणून मी तीनवरच थांबतो. तेवढंही आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस वाट पाहावी.

रोपं करणं

बी लावून दुरंगी तगर मिळेल ही आशा धरू नका. बहुतेक कायमेरा झाडांचं बी किनार घेऊन येत नाही. गुलबक्षीवर कार्ल कोरेन्सने 1909 मध्ये दाखवलं होतं की ठिपकेदार झाडाच्या हिरव्या फांदीवरच्या बियांतून हिरवी रोपं, पांढऱ्या फांदीवरच्या बियांतून पांढरी रोपं येतात, परागकण कुठल्याही फांदीचे असोत. ती पांढरी रोपं बियांतला साठा संपला की मरतात. तगरीला फांदीचं छाट कलमच खरं, आणि पावसाळा हा त्याचा हंगाम.

धड कोवळी नाही, धड जून नाही अशी, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक फांदी घ्या. लांबी चार ते सहा इंच, किनार नीट असलेली, आणि पानांत हिरवा भाग भरपूर. फार पांढरी काडी दिसते छान, पण मुळं फुटण्याआधीच तिचं अन्न संपतं. खालची पानं काढा, वरची दोन-तीन ठेवा. काप दिला की चीक गळतो, तो थांबेपर्यंत काडी पाण्यात धरा, मग टोक पुसून लावा. रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी) असेल तर लावा, नसेल तरी काड्या फुटतात, थोड्या कमी. वाळू आणि कोकोपीट समसमान घेऊन त्यात दोन डोळे आत जातील इतकं खोचा. जाळीच्या सावलीत, पावसाचा मारा लागणार नाही असं ठेवा. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. मधल्या काळात काडी उपटून पाहण्याचा मोह आवरा.

पिशवीत हलवल्यावर विकायची किंवा बागेत लावायची घाई न करता नवी सहा-आठ पानं येऊ द्या आणि मगच निवड करा. सगळ्या पानांना किनार आलेली रोपं एका रांगेत, एखादं-दुसरं पान हिरवं आलेली दुसऱ्या रांगेत. दुसऱ्या रांगेतल्या रोपांचा शेंडा शेवटच्या किनारीच्या पानाच्या वर खुडा आणि पुढची फूट कशी येते ते पाहा. पूर्ण हिरवी झालेली रोपं फेकू नका. त्यांच्यावर ‘साधी तगर’ अशी चिठ्ठी लावून वेगळी ठेवा, त्यांनाही तीच पांढरी फुलं येतात, तोच रात्रीचा मंद वास येतो.